सीमा चित्रात कुठे दिसते: विषयात की माध्यमात?

कलाविद्यार्थिनी: नमस्कार. फाळणी आणि स्थलांतर यांचा भारतीय चित्रकारांवर झालेला परिणाम या विषयावर मी प्रबंध लिहीत आहे. वाचनात निर्वासितांचे तांडे, उजाड घरे अशा चित्रविषयांचीच चर्चा अधिक आढळते. देश दुरावल्यामुळे कलावंताचे माध्यम किंवा कामाची पद्धतच बदलली, अशी उदाहरणे जाणकारांनी कृपया सुचवावीत.

ठसेकाम: झरीना हाश्मी यांचे काम अवश्य पाहावे. १९३७ साली अलीगढला जन्मलेल्या झरीना यांचे आईवडील पुढे कराचीला गेले, तर त्या स्वतः पतीच्या परराष्ट्रसेवेतील नोकरीमुळे देशोदेशी राहून अखेर न्यूयॉर्कमध्ये स्थिरावल्या. २००१ सालच्या त्यांच्या ‘डिव्हायडिंग लाइन’ या वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी ठशाने छापलेल्या चित्रात, भारत आणि पाकिस्तान यांच्यामधील रॅडक्लिफ सीमारेषेखेरीज काहीच नाही. ना गावांची नावे, ना माणसे. लाकडी ठशात कोरलेला भाग कोरा उमटतो आणि शाबूत राहिलेला उंचवटा शाई धरतो; म्हणून ती जाड, वेडीवाकडी काळी रेषा मिळवण्यासाठी त्यांना रेषेच्या दोन्ही बाजूंची भूमीच खरवडून काढावी लागली. त्या खरवडीतून उरलेले शाईचे बारीक फटकारे दोन्हीकडे दिसतात. मी स्वतः लाकडी ठसे करतो, आणि सीमा आखताना काय काय नाहीसे केले जाते, हे मला या ठशाइतके स्पष्ट कोणी सांगितलेले नाही.

पूर्वा: वरील मताशी सहमत आहे. सोबत नलिनी मालानी यांचाही विचार व्हावा. त्यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला आणि फाळणीमुळे कुटुंब भारतात आले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर उर्दू लेखक मंटो यांच्या फाळणीवरील ‘टोबा टेक सिंग’ या कथेचा आधार घेऊन त्यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ ही व्हिडिओ मांडणी केली. तिच्यात टीव्हीचे पडदे पत्र्याच्या ट्रंकांमध्ये ठेवलेले होते, आणि समोरासमोरच्या भिंतींवरील दोन स्त्रिया मधले अंतर ओलांडून एकच साडी घडी करू पाहत होत्या. हे अंतर एका कॅनव्हासवर मांडता आले नसते, असे मला वाटते.

जुनी मुंबई: येणाऱ्यांचा परिणामही विसरू नये. नाझी राजवटीमुळे मुंबईत आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी रझा, आरा, हुसेन या चित्रकारांच्या पिढीला मार्गदर्शन, समीक्षा आणि ग्राहक मिळवून दिले. प्रबंधात या तिघांसाठी स्वतंत्र प्रकरण ठेवावे, अशी माझी सूचना आहे.