मदत हवी आहे: गिरणी कामगारांच्या आठवणींचा पॉडकास्ट फुकट साधनांवर कसा टिकवायचा?

नमस्कार. मी लालबागला चाळीत राहते. बाबा आणि त्यांच्या बरोबरीचे गिरणी कामगार यांना बोलतं करून, मोबाइलवर रेकॉर्ड करून, वर्षभरात सात भागांचा पॉडकास्ट केला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा ही माणसं तिशीत होती, आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. संपावर पुष्कळ लिहून झालंय. पण भोंगा झाला की गल्ली कशी भरून जायची, बदलीवाला (कायम कामगार गैरहजर असेल तरच काम मिळणारा) गेटवर कसा ताटकळायचा, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. पैसे घालण्याची ऐपत नाही, म्हणून सगळं फुकटचं: मोबाइल, जुना लॅपटॉप, आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर, कॅनव्हावर केलेलं मुखपृष्ठ.

जे सगळ्यात जास्त लागलंय ते आधी सांगते. पाचवा भाग शेजारच्या काकांचा होता. संपापर्यंत ते साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. मी जिथे भाग चढवत होते तिथल्या फुकट योजनेत ९० दिवसांनी जुने भाग काढून टाकतात, हे मी वाचलं नव्हतं. मोबाइल भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसलं होतं. गणपतीनंतर काका गेले. काकूंना त्यांचा आवाज ऐकवायला म्हणून भाग उघडायला गेले, तर तो नव्हता. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

दुसरं म्हणजे गोंगाट. दहा बाय बाराच्या खोलीत पंखा, कुकरची शिट्टी, गॅलरीतली कबुतरं. ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन लावलं की बाबा हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटतात. आणि नोकरी करून एका भागाच्या कापाकापीला महिना जातो. हे चालू कसं ठेवायचं?

प्रतिसाद १

ताई, आधी काकांचा भाग शोधू. कापाकापी ऑडॅसिटीत केलीत ना? ३.० आवृत्तीपासून (२०२१) प्रोजेक्टची एकच फाइल होते, नावाच्या शेवटी एयूपी३, आणि आवाज तिच्यातच असतो. मोबाइलवरची मूळ फाइल पुसली तरी फरक पडत नाही. लॅपटॉपवर शोधा, रिसायकल बिनही बघा. नसेल तर श्रोत्यांना विचारा. कुणी ॲपमध्ये डाउनलोड केलेला भाग फोनवर राहिलेला असू शकतो.

यापुढे ठेवण्याची जागा आणि ऐकवण्याची जागा वेगळी धरा. ठेवायला इंटरनेट आर्काइव्ह: मूळ फाइल जशीच्या तशी फुकट राहते. ऐकवायला स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स, तेही फुकट. तिथून मिळणारी आरएसएस फीड (नवे भाग ॲपपर्यंत आपोआप पोचवणारा दुवा) ॲपल पॉडकास्टला आणि यूट्यूबला देता येते. गूगल पॉडकास्ट २०२४मध्ये बंद झालं, तेव्हा कुठल्याही एका ठिकाणावर सगळं सोडू नका. घरी एक पेनड्राइव्ह ठेवाच.

प्रतिसाद २

आवाजाचं काम रेकॉर्डिंगच्या वेळीच होतं, नंतर फक्त डागडुजी. पंखा बंद. मोबाइल घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीतभर, जरा बाजूला, म्हणजे प-फ-भ चे फटके बसत नाहीत. भिंतीला गोधडी टांगा, कपाटाचं दार उघडं ठेवा. कपडे आवाज पितात. कुकर आधीच लावून घ्या. आणि सुरुवातीला दहा सेकंद कुणीही बोलू नका. तेवढाच तुकडा निवडून 'गेट नॉइज प्रोफाइल' करा, म्हणजे खोलीचा गोंगाट कसा आहे ते ऑडॅसिटीला कळतं, मग अख्ख्या भागावर रिडक्शन ६ ते ८ डेसिबलवर ठेवा. थोडी घरघर राहू दे. चाळीतलं घर आहे, स्टुडिओ नाही. कबुतरं ऐकू आली तर मला तरी बरंच वाटेल.

शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्या भागांचा आवाज एका पातळीवर आणणं: मोनोला उणे १९ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं माप). एमपी३ मोनो ६४ केबीपीएस पुरते, अर्ध्या तासाला साधारण १४ एमबी. गावी गेलेल्या कामगारांना फोनच्या रेकॉर्डरवर बोलायला सांगा आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला लावा, आवाज दबत नाही.

वेळेचं म्हणाल तर प्रत्येक 'अं' कापणं सोडा. म्हातारं माणूस थांबतं तेव्हा ते आठवत असतं, ती जागा राहू द्या. चार भाग हातात असल्याशिवाय पुढचा सोडू नका, आणि महिन्याला एकच सोडा. तो मात्र ठरल्या तारखेला.

धागाकर्ती

सापडला! डाउनलोड्समध्ये, बिनानावाच्या फोल्डरमध्ये एयूपी३ फाइल होती. ४१ मिनिटं, म्हणजे मी कापाकापी करून चढवलेल्या प्रतीपेक्षाही जास्त. डोळ्यांत पाणी आलं. मघाशीच वॅव्ह (आवाज न दाबलेली फाइल) काढली, आर्काइव्हवर चढवली, पेनड्राइव्हवरही घेतली.

रविवारी काकूंकडे जाऊन ऐकवणार आहे. सुरुवातीला काका म्हणतात, "थांब गं, आधी तो पंखा बंद कर, मग सांगतो," आणि मागून काकूंचा आवाज येतो, "उकडतंय, राहू दे." हा तुकडा मी भागातून कापला होता. आता परत जोडते आहे.

एकच शंका राहिली. बाबा धागा तुटल्यावर गाठ कशी मारायची ते हातानेच दाखवतात, तोंडाने सांगत नाहीत. ऐकणाऱ्याला ते कळावं म्हणून त्यांना काय विचारू?