कॅन कापून वायफाय वाढत नाही

चिरेबंदी: काल इथे कुणीतरी लिहिलं की राऊटरमागे बियरचा कॅन कापून उभा केला की वायफाय दुप्पट, आणि खाली 'धन्यवाद दादा'ची रांग. अहो दादा, पत्रा लहरी फक्त वळवतो. हॉलात वाढलं ते स्वयंपाकघरातून गेलेलं असतं. मुळात आपल्याकडच्या, गोव्यातल्या भिंती बघा. जुनं घर, दीड-दोन फूट जांभा चिरा, बाहेरून गिलावा नाही. पावसाळाभर चिरा पाणी पिऊन बसतो आणि पाणी म्हणजे या लहरींचा वैरी. वायफायचे पट्टे दोन: 5 गिगाहर्ट्झचा पहिल्याच भिंतीत आडवा होतो, 2.4 कसाबसा दुसरी ओलांडतो. राऊटर मात्र सगळ्यांचा सोप्यावर, टीव्हीमागे, कारण लाइन टाकायला आलेल्या पोराला तिथली खिडकी जवळ पडली. आधी तो उंचावर आणि घराच्या मध्यावर आणा. राजांगण असेल तर त्याच्या कडेला ठेवा, मधली मोकळी जागा फुकट मिळते. तरी पोचत नसेल तर लॅनची तार ओढून मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेवरून येणारं नेट तिथे वायफाय करून देणारा डबा, लावा. तार 100 मीटरपर्यंत चालते, एवढं लांब घर भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचंही नसतं.

मडगावचा_भाडेकरू: कॅनवाला मीच. माझा राऊटर शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून आहे. तिकडे फुकट जाणारा सिग्नल मी माघारी बोलावला, तुमचं काय गेलं? अख्खा गोवा चिऱ्यात राहत नाही.

चिरेबंदी: बरं बाबा, तुमच्या त्या एका खोलीपुरतं मान्य. 'दुप्पट' तेवढं मागे घ्या.

सत्तरीकर: तार ओढा म्हणणं सोपं. आम्ही घरापासून बागेतल्या मांगरापर्यंत, म्हणजे खोपीपर्यंत नेली, माडांना बांधून. ऑक्टोबरात गडगडाट झाला, वीज पडली कुठेतरी लांब, पण आमची दोन्हीकडची पोर्टं काळी. जळक्या प्लॅस्टिकचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत घरात होता. यावर कोण बोलणार?

चिरेबंदी: घराबाहेर तांब्याची तार न्यायचीच नाही. तिथे फायबर, म्हणजे काचेची तार, आणि दोन्ही टोकांना तिचा उजेड लॅनच्या तारेत उतरवणारा कन्व्हर्टर. काचेतून वीज येत नाही.

सत्तरीकर: मग हे वर का नाही लिहिलंत? आमचं जळाल्यावर शास्त्र सांगता! आणि तुम्हाला वायफाय म्हणजे सिनेमे बघायला. आमच्याकडे मोबाइलला रेंजच नाही, वायफाय कॉलिंगवर फोन चालतो. लाइट गेली की घर मुकं. टॉवर येणार होता, तो ग्रामसभेत हाणून पाडला.

टॉवर_नको: पाडला आणि पुन्हा आला तर पुन्हा पाडू. या लहरींमुळे कर्करोग होऊ शकतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्याच संस्थेने 2011 साली म्हटलंय.

डिचोलीकर: हो, 2ब गटात, म्हणजे 'शक्यता आहे, पण पुरावा तोकडा'. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत. मिस्कूट लोणच्याची बरणी ग्रामसभेत कधी नेता? टॉवरच्या लहरींची मर्यादा भारताने 2012 सालीच आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. उलट टॉवर लांब असला की कानाला लावलेला फोनच जास्त जोर लावतो.

टॉवर_नको: मिस्कूट कैरीचं असतं, भाजीचं नव्हे. आधी ते शिका, मग आम्हाला शिकवा. आणि एवढं प्रेम असेल तर टॉवर स्वतःच्या घरावर बसवा.

सत्तरीकर: बसवा की माझ्या घरावर! भाडं मी घेतो. 2020 साली आमची भाची डोंगरावर छत्री धरून ऑनलाइन वर्गाला बसायची, एका हाताने छत्री, दुसऱ्या हाताने मोबाइल, वही गुडघ्यावर. जळवा लागायच्या त्या वेगळ्याच. तेव्हा तुमची ग्रामसभा कुठे होती?

टॉवर_नको: पोरांचे हाल झाले, ते कोण नाकारतंय? पण आमच्या वस्तीत कुणाला न विचारता रातोरात खड्डा खणला होता. सकाळी बघतो तर सळ्या उभ्या. लोक लहरींपेक्षा त्या चोरटेपणावर जास्त चिडले.

डिचोलीकर: हे घ्या, आता खरं बाहेर आलं. मग कर्करोग कशाला मध्ये आणला?

टॉवर_नको: कारण 'आम्हाला विचारलं नाही' म्हटलं तर कोणी ऐकत नाही.

मडगावचा_भाडेकरू: टॉवरचं भांडण तुम्ही वेगळीकडे जाऊन भांडा हो. मी सिग्नल पकडून पुढे पाठवणारा रिपीटर मागवलाय, तो चालेल की नाही ते सांगा.

चिरेबंदी: लावणार कुठे? सिग्नल मरतो तिथे? मग तो मेलेलंच पुढे पाठवणार. अर्ध्या वाटेवर लावा. स्वस्तातला ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर बोलतो, म्हणजे वेग साधारण निम्मा. बिनतारी मेशलाही, म्हणजे एकमेकांशी हवेतून बोलणाऱ्या डब्यांनाही, मध्ये चिरा आला की हीच रड. त्याआधी चॅनल बघा. 2.4 वर 1, 6, 11 सोडून भलतंच काही लावलं असेल तर अख्ख्या बिल्डिंगशी मारामारी होते.

मडगावचा_भाडेकरू: 9 वर होता. 1 वर नेला, थोडा फरक पडला. थोडाच.

चिरेबंदी: थोडाच, पण पडला ना? मग तार ओढा.

मडगावचा_भाडेकरू: मालकीण खिळा ठोकू देत नाही. आणि चिकटपट्टी म्हणाल तर जुलैत आमच्या भिंतीवर कॅलेंडर टिकत नाही.

सत्तरीकर: तो फायबरचा कन्व्हर्टर फोंड्याला मिळतो की पणजी गाठावी लागेल? टॉवरवाल्यांनी उत्तर देऊ नये.