मण्यांच्या अर्धवट दागिन्यांसाठी डबा किंवा ऑर्गनायझर सुचवा (पुणे, बजेट १५०० रुपये)

सुईदोरा
नमस्कार मंडळी. मी मण्यांचे दागिने करते, विकण्यासाठी नाही, घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी. सध्या वीसेक कामं अर्धवट पडली आहेत. त्यातली मोठी अशी: मियुकी डेलिका या बारीक जपानी मण्यांत विणायला घेतलेलं पैठणीच्या मोराचं ब्रेसलेट, सोनेरी मण्यांची ठुशी, गोड्या पाण्यातल्या मोत्यांचा तीनसरी तन्मणी, काचेच्या नळ्यांचे लोंबते कानातले (एकाच कानाचं झालंय) आणि वहिनीसाठी काळ्या पोतीचं छोटं मंगळसूत्र. सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत आहे आणि कुठल्या डब्यात काय हे उघडल्याशिवाय कळत नाही.

भाड्याचं घर आहे, भिंतीला काही ठोकता येणार नाही. मुलगी दीड वर्षाची आहे, त्यामुळे झाकण घट्ट हवं. बजेट १५०० रुपये, त्याच्या वर जाणं शक्य नाही. ठुशी आणि मंगळसूत्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी व्हायला हवं. काय घेऊ?

पेठकर
प्लास्टिकच्या नादी लागू नका. मी सौभाग्यवतींसाठी सागवानी खणांचं छोटं कपाट करून घेतलं, पितळी मुठी लावून. सुताराने नऊ हजार घेतले, पण वस्तू अशी झाली आहे की येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्याकडे बघतो. एकदाच खर्च करा आणि नातवंडांपर्यंत निश्चिंत राहा.

नीलमणी
काका, त्यांचं बजेट १५०० आहे आणि घर भाड्याचं आहे!
सुईदोरा, हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणि नटबोल्ट ठेवायचे पारदर्शक खणांचे डबे मिळतात, ते घे. मात्र खणांच्या पट्ट्या निघणाऱ्या असतील तर घेऊ नकोस. ११/० मापाचा मणी जेमतेम दोन मिलिमीटरचा, तो पट्टीखालून शेजारच्या खणात सरकतो. माझे लाल आणि मरून मणी असेच एक झाले, ते निवडताना डोळे गेले. पट्ट्या डब्यातच ओतलेल्या हव्यात.

रुखवत
आमच्या वेळी हे डबे नि ऑर्गनायझर काही नव्हतं. ताटात मणी, हातात सुई, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत काम उचललेलं. माझ्या रुखवतात मांडलेलं मण्यांचं तोरण मी स्वतः केलंय, तंगूसात (नायलॉनच्या दोऱ्यात) ओवलेलं, ते अजून देवघराच्या दारावर आहे. पोपटाचा एक मणीसुद्धा हललेला नाही. एका वेळी एकच काम हातात घ्यायचं, म्हणजे डबा लागतच नाही.

न्यूजर्सीकर
रुखवतताई, तोरण दारावर असतं, त्याला कुणी ओढत नाही. अंगावर घालायच्या दागिन्याला तंगूस अजिबात नको. ते गुंडाळीचा आकार सोडत नाही, उन्हाने आणि वर्षांनी कडक होतं आणि एक दिवस गाठीपाशी तुटतं. मी सगळं फायरलाइनवर करते. तो मुळात मासेमारीचाच दोरा, पण फारसा ताणला जात नाही आणि काचेच्या कडेने सहज कापलाही जात नाही. इथे सगळ्या मणीकाम करणाऱ्या बायका तोच वापरतात. पुढच्या भारतभेटीत कुणाला हवा असेल तर आणू शकते.

रुखवत
ओढलं तरी काही होत नाही. माझ्या नातवाने लोंबकळून पाहिलंय.

नीलमणी
तंगूस आणि तंगूसात फरक असतो. जाड घेतलं तर टिकतं, पण मग ११/० च्या भोकातून दुसऱ्यांदा जात नाही. पियोटीसारख्या विणीत एकाच मण्यातून दोरा पुन्हा पुन्हा न्यावा लागतो, तिथे तंगूस चालतच नाही. तोरणाचं आणि ब्रेसलेटचं काम एका मापाने मोजू नका.

भुलेश्वरवाली
डब्याआधी मणी कुठून घेतेस ते सांग. पुण्यात बोहरी आळीत मिळतात हे मान्य, पण भुलेश्वरला एका गल्लीत जेवढे रंग दिसतात तेवढे पुण्यात दिसत नाहीत. आणि अर्धवट कामांचं खरं दुखणं तिथेच आहे. एकाच नंबरचा रंग दुसऱ्या खेपेला घेतला की छटा बदलते. गळ्यातल्या पट्ट्यात मधोमध फरक उठून दिसतो. माझा एक मोरपंखी हार यामुळे कायमचा अडलाय. ऑनलाइन एका ठिकाणाहून ‘तोच रंग’ म्हणून मागवला, आला तो सरळ हिरवा, आणि परत घ्यायला तयार नाहीत. मोठं काम असेल तर लागतील त्याहून थोडे जास्त मणी पहिल्याच दिवशी घ्यायचे. ११/० चे गोल मणी एका ग्रॅममध्ये साधारण शंभर-एकशेदहा बसतात, डेलिका त्याच्या जवळपास दुप्पट. त्यावरून हिशोब काढायचा.

पेठकर
बोहरी आळीत काय मिळत नाही ते सांगा. रविवार पेठेत माणूस नीट फिरला तर मुंबईला जायची गरज नाही. आणि भाव विचारू नका मुंबईचे.

भुलेश्वरवाली
भाव होलसेलमध्ये घेतला तर कमीच पडतो, काका. अर्धा किलोच्या खाली विचारायचंच नाही.

सुईदोरा
मंडळी, अर्धा किलो मणी मला या जन्मात लागणार नाहीत. मणी आहेत. प्रश्न अर्धवट कामं ठेवायचा आहे. मोराचे मणी सगळे एकाच खेपेचे आहेत, ती काळजी नाही. मोराचं काम अडलंय कारण नक्षीच्या आलेखातली ओळ सुटली. कितव्या ओळीवर आहे तेच सापडत नाही.

किनारपट्टी
मी रत्नागिरीत राहते. पावसाळ्यात आमच्याकडे सुई दोन महिन्यांत गंजते आणि गंजलेली सुई मण्यात अडकली की मणी फुटतो. त्यामुळे काम थांबवताना सुई कामात टोचून ठेवायची नाही, काढायची. पुण्यात एवढी दमट हवा नसते, तरी सवय चांगली. औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिकाच्या पुड्या मी जमवते आणि प्रत्येक डब्यात एक टाकते. मुलामा दिलेले सोनेरी मणी हवेने काळे पडतात, ठुशीसाठी हे लक्षात ठेवा. पण मोत्यांच्या डब्यात सिलिका टाकू नका आणि मोती प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवू नका. त्यांना फार कोरडं मानवत नाही. मलमलीची पिशवी बरी.

जरीकाठ
नीलमणीला अनुमोदन. हार्डवेअरचा डबाच घ्या. मीही घेतला, दोन वर्षं वापरतेय.

मूठभर
मी सगळी अर्धवट कामं कापून मणी परत डब्यात भरले. इतकं मोकळं वाटलं! मैत्रिणी हळहळल्या, पण जे वर्षभर हातात घेतलं नाही ते पुढेही घेणार नाही. तुम्हीही कात्री लावा, मग डब्याचा प्रश्नच उरत नाही.

न्यूजर्सीकर
कापू नका हो. मोर कापायचा?

जुनी_विणकर
उशिरा लिहितेय, पण दोन-तीन गोष्टी उपयोगाच्या आहेत.

ओळ शोधणं सोपं आहे. सपाट पियोटी समसंख्येची असेल तर डाव्या कडेचे मणी मोजा, उजव्या कडेचे मोजा, बेरीज करा. तेवढ्या ओळी झाल्यात. कारण प्रत्येक ओळ कुठल्या तरी एकाच कडेला मणी ठेवून वळते, एक डावीकडे तर पुढची उजवीकडे. सुरुवातीला एकदम ओवलेल्या मण्यांच्या पहिल्या दोन ओळी यात आपोआप येतात. मग आलेखावर तेवढ्याव्या ओळीखाली पट्टी ठेवा आणि मोराच्या मानेचे रंग ताडून बघा. बहुतेक वेळा पाच मिनिटांत सापडतं.

ठेवण्यासाठी मी डबे सोडूनच दिले. प्रत्येक कामाला एक जिपची पिशवी. तिच्यात काम, त्याचेच मणी, दोऱ्याचं रीळ, आणि एक कार्ड: कोणती वीण, कितवी ओळ, मण्याचा रंग नंबर, आणि पुढची एकच कृती. ‘फासा लावणे’ किंवा ‘दुसरं कानातलं, सात नळ्या’ एवढंच. सगळ्या पिशव्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या लावायच्या. बरण्यांच्या दुकानातला साधा डबा चालतो. मुलीच्या हाती लागणार नाही.

नळ्यांचे कानातले असतील तर नळीच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक मणी घाल. नळीची कड धारदार असते, दोरा आतून कापते. पहिल्या कानातल्यात तसं नसेल तर दुसरं करण्याआधी ते उसवून पुन्हा कर.

मोत्यांच्या सरात प्रत्येक मोत्यानंतर रेशमाची गाठ दे. तुटलं तरी एकच मोती पडतो. मोत्यांची भोकं फार बारीक असतात, बारा नंबरची सुईही काहींतून जात नाही. तसे मोती बाजूला काढून ठेव, जोर लावू नकोस.

पेठकर
हे सगळं ठीक, पण पिशव्या उभ्या लावलेला डबा दिवाणखान्यात शोभतो का?

रुखवत
जुनी_विणकर यांनी बरोबर सांगितलं. आम्ही कार्डाऐवजी चिठ्ठी ठेवत असू.

सुईदोरा
जुनी_विणकर, मनापासून धन्यवाद! मोजून पाहिलं. डावीकडे एकोणीस, उजवीकडे एकोणीस, म्हणजे अडतीसावी ओळ झाली. मोराच्या मानेपाशी निळा आणि पाचूचा रंग आलेखाशी जुळला. आज दुपारी मुलगी झोपल्यावर तीन ओळी विणल्यादेखील.

मग बाकीच्या सगळ्या कामांची तपासणी केली. प्रत्येकापुढे ‘का अडलं’ ते लिहिलं. अर्ध्याहून जास्त कामांत विणकाम पूर्ण आहे, नुसता फासा, कडी किंवा मागची दोरी नाही. दोन कामांत दोरा संपलाय. मंगळसूत्राला वाट्या आहेत पण योग्य मापाची जोडकडी नाही. म्हणून १५०० रुपये डब्यावर घालवायचे नाहीत असं ठरवलंय. परवा बोहरी आळीत जाऊन फासे, कड्या, लॉबस्टर हूक, जाड सुती दोरी आणि दोन रिळं दोरा आणते. पिशव्या घरच्याच वापरते आणि श्रीखंडाच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावते.

ठुशी मात्र मी पटवेकऱ्यांकडे गाठवायला देणार आहे. वरचे सोनेरी मणी मी विणलेत, मागची दोरी आणि गोंडा ते करतील.

नीलमणी
पटवेकऱ्याकडे देऊ नकोस गं! इतकं स्वतः केलंस तर शेवटचा हातही तुझाच हवा. गाठ मारायला शिकवणारे किती तरी व्हिडिओ आहेत.

न्यूजर्सीकर
मीही तेच म्हणते. आणि फायरलाइन घे. आणू का?

रुखवत
पटवेकरी ती दोरी नि गोंडा हाताने वळतात, तसं आपल्याला जमत नाही. पण ते हल्ली फक्त सोन्याचं काम घेतात, नकली मण्यांना हात लावत नाहीत. माझी एक माळ परत पाठवली होती.

सुईदोरा
नीलमणी, तुझं म्हणणं समजतं. पण माझ्या आजीची ठुशी मी लहानपणी पाहिली आहे. तिची मागची रेशमी दोरी सरकवली की गळ्याला नेमकी बसायची आणि दिवसभर हलायची नाही. ती वळण्याची पद्धत ज्यांच्या हातात आहे त्यांच्याच हाताने व्हावी असं मला मनापासून वाटतं. आमच्या भागातल्या एका पटवेकरी काकांना विचारलं. म्हणाले, मणी नकली असले तरी चालतील, गाठवायचं काम तेच. संक्रांतीच्या आधी देतो म्हणालेत.

न्यूजर्सीकर, फायरलाइन नको, तुम्ही विचारलंत तेच खूप. मोरासाठी माझ्याकडे आहे तोच दोरा पुरेल. दुसऱ्या दोऱ्यावर बदललं तर ताण वेगळा होईल.

भुलेश्वरवाली
फासे घेताना हात लावून बघ, हलके असतात ते महिनाभरात उघडतात. आणि बोहरी आळीत न मिळाल्यास सांग, मी शनिवारी भुलेश्वरला जातेय.

सुईदोरा
सांगते. सोनेरी, आठ मिलिमीटरचे, डझनभर लागतील.