मदत हवी आहे: नाळ उशिरा कापायची की कॉर्ड ब्लड (नाळेतलं रक्त) दान करायचं?

चकलीपुणे
तारीख जवळ आली आहे, उद्या हॉस्पिटलात फॉर्म भरून द्यायचाय. बायकोचं म्हणणं, नाळ दोन-तीन मिनिटं थांबून कापा. मला कॉर्ड ब्लड दान करायचंय, नाहीतर ते कचऱ्यातच जाणार. किट घरी येऊन पडलंय. किटवाला म्हणतो दोन्ही होतं. डॉक्टर म्हणतात "बघू". होतं की नाही एवढंच सांगा. गूगल करून झालंय.

वारणाकाठ
कितवा आठवडा? बाळ एकच ना? आईचा रक्तगट? घरात थॅलेसेमिया वगैरे? आणि दान नक्की कुठे? किट घरी आलंय म्हणजे पैसे भरलेत का?

चकलीपुणे
३७ वा. एकच. ओ निगेटिव्ह. पैशांचे हप्ते चालू आहेत, पण त्याचा इथे काय संबंध?

वारणाकाठ
संबंध असा की हप्ते आहेत म्हणजे ते दान नव्हे. दान करणाऱ्याकडून दमडी घेत नाहीत, आणि पिशवी ज्याला जुळेल त्या परक्या रुग्णाला जाते. तुमची आहे ती साठवण, किंवा "कम्युनिटी" योजना असेल तर सभासदांपुरती भिशी. स्वतःच्याच बाळासाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असं आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय. करारात पेशी कमी भरल्या तर काय होणार ते कलम शोधा.

रक्तपिशवी
मूळ प्रश्नाकडे येऊ. रक्त एकच आहे, ते बाळात जाईल नाहीतर पिशवीत. बाळ आणि वार मिळून वजनाच्या किलोमागे साधारण ११० ते ११५ मिली रक्त असतं. ३ किलोच्या बाळाचे झाले ३३० ते ३४५, त्यातलं जन्माच्या क्षणी एक तृतीयांशाच्या आसपास वारेत. पहिल्या मिनिटात ८० मिलीच्या घरात बाळाकडे जातं, तिसऱ्या मिनिटापर्यंत १०० च्या आसपास. उरलं काय ते तुम्हीच मोजा.

आता पिशवीचा हिशोब. प्रत्यारोपणाला, म्हणजे रुग्णाच्या शरीरात नवं रक्त तयार व्हावं म्हणून हे रक्त द्यायला, त्याच्या किलोमागे निदान अडीच कोटी पेशी लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. नाळेच्या एक मिली रक्तात ढोबळ एक-दीड कोटी. ४० मिली मिळालं तर ४० ते ६० कोटी, प्रक्रियेत आणखी गळती. सार्वजनिक बँक अशी पिशवी ठेवूनच घेत नाही. "दोन्ही होतं" हे ३० ते ६० सेकंदांपर्यंत अर्धंमुर्धं खरं. तीन मिनिटांनंतर किट उघडू नका.

मोरपंखी
मग नाळ बाळाकडे पिळायची! वीस सेकंदांत काम होतं, उरलेलं पिशवीत.

रक्तपिशवी
पिळलेलं रक्त बाळात गेलं की पिशवीत येणार कुठून? आणि २८ आठवड्यांआधीच्या बाळांत नाळ पिळल्याने मेंदूत रक्तस्राव वाढलेला दिसला आहे, म्हणून तिथे ते टाळतात. इथे ३७ वा आहे, पण थांबता येत असताना पिळायचं कशाला?

कावेरी_नर्स
प्रत्यक्षात अडतं कुठे ते सांगते. क्लॅम्प (चिमटा) लागला की नाळ आयोडिनने पुसायची. एकच रुंद, निळसर, पातळ भिंतीची शीर दिसते, सुई तिच्यात. दोन पांढऱ्या कडक धमन्यांत नाही. पिशवी वारेच्या खाली धरून हलकेच हलवत राहायचं, कारण आत गोठू नये म्हणून द्रावण असतं ते मिसळायला हवं. नाळ पांढरी, चपटी पडली की संपलं. उशीर केला तर शिरेतच गुठळ्या होतात, घाई केली तर सुई निसटते, आणि नीट पुसलं नाही तर जंतू सापडून पिशवी बाद. त्यात एकाच माणसाला बाळ, आई आणि पिशवी बघायला लावू नका.

जुनाट
पत्रिकेसाठी वेळ कोणती धरायची, बाळ बाहेर आल्याची की नाळ कापल्याची? तीन मिनिटांत लग्नरास बदलू शकते.

कावेरी_नर्स
कागदावर बाळ पूर्ण बाहेर आल्याची वेळ लिहितात. नाळेचा धागा वेगळा.

चकलीपुणे
कावीळ वाढते म्हणतात त्याचं काय? आणि सिझर झालं तर? बायको निगेटिव्ह असल्याने थांबू नये असंही एकाने सांगितलं.

वारणाकाठ
फोटोथेरपीची (काविळीवरच्या प्रकाशोपचाराची) गरज किंचित वाढलेली दिसते, म्हणून बिलिरुबिन (काविळीचं रक्तातलं द्रव्य) वेळेवर तपासणारं हॉस्पिटल हवं. सिझरमध्येही ६० सेकंद थांबता येतं. फक्त बाळ रडलं नाही किंवा आईला रक्तस्राव असेल तर हट्ट सोडायचा. निगेटिव्ह असणं आड येत नाही. बाळाचा रक्तगट आणि डीसीटीसाठी (आईची प्रतिपिंडं बाळाच्या तांबड्या पेशींना चिकटलीत का ते बघणारी चाचणी) दोन-चार मिली पुरतं, ते थांबूनही निघतं. बदल्यात मिळतं काय, तर किलोमागे ४० ते ५० मिलिग्रॅम लोह. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक आढळली (२०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, एनएफएचएस-५). सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातही तीन मिनिटं थांबा किंवा नाळेचा ठोका बंद पडेपर्यंत थांबा, असंच आहे. पण थॅलेसेमियाचं विचारलं होतं, त्याचं उत्तर नाही दिलंत.

चकलीपुणे
बायको थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे दोष आहे पण आजार नाही. माझी तपासणी झाली नाही. ते महत्त्वाचं आहे का?

रक्तपिशवी
अहो, हेच आधी सांगायचं! उद्या सकाळी एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या, एचबी ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, मायनरमध्ये वाढतो) बघायचंय. तुम्हीही मायनर निघालात तर दर खेपेला चारात एक शक्यता मेजरची, म्हणजे बाळाला गंभीर आजाराची. तसं झालं तर त्याच बाळाचं साठवलेलं रक्त त्याच्या काही कामाचं नाही, दोष त्या पेशींतही आहे. उपयोग होतो तो आजारी भावंडासाठी. १९८८ मध्ये पॅरिसला पहिलं कॉर्ड ब्लड प्रत्यारोपण झालं ते असंच, बहिणीचं रक्त फॅन्कोनी ॲनिमियाच्या (एक जन्मजात रक्तदोष) भावाला. हे पहिलंच बाळ ना?

चकलीपुणे
पहिलंच.

रक्तपिशवी
मग फॉर्मवर सरळ लिहा: तीन मिनिटं थांबून क्लॅम्प, रक्तगट व डीसीटीसाठी नमुना, संकलन नाही. दानाची हौस असेल तर स्वतःचं नाव स्टेमसेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) दात्यांच्या नोंदणीत घाला. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, बस्स. आता अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकाकडूनही प्रत्यारोपण होतं, त्यामुळे कॉर्ड ब्लडची मागणीही पूर्वीएवढी नाही.

चकलीपुणे
ठीक. हप्ते परत मिळतात का?

वारणाकाठ
करारात रद्द करायची मुदत असेल ती बघा. किटचं सील फोडू नका.