उत्तर: बोका आणि कुत्रा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या तुमच्या रो-हाऊसमध्ये बाहेरचा बोका येतो आणि कुत्र्याशी भांडतो, त्याचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय. त्याला पोत्यात घालून गंगापूर धरणापलीकडे सोडा, असं वर कुणीतरी सुचवलंय. कृपा करून नको. अनोळखी जागी त्याचे हाल होतात, आणि इकडे मोकळी झालेली हद्द दुसरा बोका बळकावतो. शिवाय जनावर असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही.

आधी कुत्र्याचं ताट बघा. सकाळची उरलेली पेडिग्री दुपारपर्यंत पोर्चमध्ये पडून असते ना? बोका त्यासाठीच येतो. खाणं झालं की ताट लगेच आत. दारापाशी त्याने लघवीचा फवारा मारला असेल तर एन्झाइमवालं क्लीनर वापरा, फिनाइल नको. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत, त्या कुत्र्यालाही विषारी असतात.

तरीही येत राहिला तर एखाद्या प्राणिमित्र संस्थेकडून पिंजरा आणून नसबंदी करून घ्या आणि त्याच गल्लीत परत सोडा. फवारे, मारामाऱ्या बऱ्याच कमी होतात, फक्त महिनाभर धीर धरावा लागतो. कुत्र्याच्या नाकावर ओरखडा दिसला तर साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस चालू आहे ना त्याची?