काचपेटीतल्या बेडकाला विषारी म्हणावे काय?

दांडियाबाजारकर :
आमच्या सोसायटीतील एका तरुणाने काचपेटीत अननसाच्या कुळातील ब्रोमेलियाडची रोपे लावून त्यांत मध्य अमेरिकेतील लाल ‘स्ट्रॉबेरी’ बेडूक पाळण्याचा बेत जाहीर करताच, विष घरात कशाला, असा सूर निघाला. माझे मत त्या तरुणाच्या बाजूचे आहे. हे बेडूक रानातल्या मुंग्या व माइट्स (कोळ्यांच्या जवळचे सूक्ष्म जीव) खातात आणि त्यांच्यातले विष आपल्या कातडीत साठवतात. पेटीत जन्मून फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकात ते येणार कोठून? कोलंबियातील एम्बेरा लोक ज्याच्या पाठीवर फुंकनळीच्या बाणांची टोके घासत आले, तो 1978 साली शास्त्रीय नाव मिळालेला सोनेरी बेडूकदेखील बंदिवासात जन्मला तर निर्विष निघतो. विश्वामित्री नदीतल्या मगरींशेजारी राहणाऱ्या वडोदऱ्याने दोन सेंटिमीटरच्या बेडकाला भ्यावे, हे मला तरी हास्यास्पद वाटते.

विश्वामित्रीकाठ :
भीतीचा प्रश्नच नाही; तो पेटीत निर्विष होतो, हीच माझी हरकत आहे. ‘मला खाऊ नका’ असे सांगणारा भडक रंग तेवढा उरतो आणि त्यामागचे कारण रानातच राहते. 1932 साली पनामातील हिरवे-काळे बेडूक डास खावेत म्हणून हवाईच्या ओआहू बेटावर सोडले होते. ते तेथे टिकले, परंतु त्यांच्या कातडीतील विषांची यादी पनामातल्या भाईबंदांशी पूर्णपणे जुळत नाही, कारण पायाखालचे किडे बदलले. आपण ज्याला बेडकाचे विष म्हणतो, ते त्या जमिनीचे आहे.

रोपांचेही तसेच. ब्रोमेलियाडच्या अनेक जाती झाडांच्या फांद्यांवर वाढतात आणि पानांच्या बेचक्यांत पावसाचे पाणी धरतात. स्ट्रॉबेरी बेडकाची मादी शेपटीवाले पिल्लू पाठीवर घेऊन चढते, त्याला अशा एखाद्या बेचक्यात सोडते आणि पुढे पुन्हा पुन्हा येऊन त्याला आपली अफलित अंडी खाऊ घालते. त्या अंड्यांतूनच आईचे विष पिल्लाला पोहोचते, असे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे जी आई पेटीत वाढली, ती पिल्लाला हे देऊच शकत नाही.

दांडियाबाजारकर :
विष देऊ शकत नाही, हे मान्य. पण अंडी भरवणे पेटीतही घडते, आणि पनामा न पाहता येणाऱ्या मुलाला ते येथे पाहता येते, याला आपण काहीच किंमत देत नाही. शिवाय पेटीत पैदास झालेला बेडूक घेतल्याने रानातला एक तरी उचलला जात नाही.

कमाटीबाग :
तो पेटीतच जन्मला, हे विक्रेत्याच्या शब्दावर मानायचे काय? हा बेडूक 1987 पासून ‘साइटिस’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाल्यापासून असा प्राणी बाळगायचा तर नोंदणी करावी लागते. कागद नसेल तर पुढचा वाद व्यर्थ आहे. (जाता जाता : हीच रोपे हौसेने गॅलरीत ठेवणाऱ्यांनी बेचक्यांतले पाणी वरचेवर बदलावे, डेंग्यूच्या डासाला ती जागा फार मानवते.)

विश्वामित्रीकाठ :
कागद मिळाला, तरी वैशाखाचे काय? आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो आणि या बेडकाला साधारण पंचविशीच्या आसपासची दमट हवा लागते. दुपारी वीज गेली, तर ती काचपेटी म्हणजे भट्टीच होईल.

दांडियाबाजारकर :
या एका मुद्द्यावर मी माघार घेतो. त्या तरुणाला मी असे सुचवले आहे की, पेटीत सध्या नुसती रोपे लावावीत, आत थर्मामीटर टांगून पुढचा वैशाख काढावा आणि बेडकाच्या कागदपत्रांची चौकशी त्यानंतरच सुरू करावी. तो रुसला आहे, पण रोपे आणायला गेला आहे.