मदत हवी आहे: बीट आणि चित्रपटाच्या फ्रेम जुळवताना टेम्पो कसा ठरवावा?

हिप हॉप निर्माता चित्रपटाकडे वळला की त्याची घडण बदलते. वू-टँग क्लॅन या हिप हॉप गटाच्या आरझेडएने १९९९ मध्ये दिग्दर्शक जिम जार्मुशच्या चित्रपटाला संगीत दिलं आणि २०१२ मध्ये स्वतःचा चित्रपट दिग्दर्शित केला. लूपवर (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्यावर) वाढलेल्या कानाला हे फार मोठं वळण आहे, आणि अडचण नेमकी लूपचीच: त्याचा ठोका ठरलेला, तर चित्रपटाचा कट फ्रेमवरच पडतो.

सेकंदाला २४ फ्रेम आणि टेम्पो ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके) असेल तर एक ठोका बरोबर १६ फ्रेमचा, त्यामुळे कट ठोक्यावर बसतो. २५ फ्रेमला तोच ठोका १६.६७ फ्रेमचा होतो आणि कट घसरतो. २३.९७६ ला तर २४ च्या हिशेबाने बनवलेल्या संगीतात दहा मिनिटांत सुमारे ०.६ सेकंदाचा फरक पडतो.

प्रश्न असा: २३.९७६ साठी सुरुवातीलाच ८९.९१ बीपीएम धरावा, की ९० वर बनवून शेवटी ध्वनी लांबीत ताणावा? ताणल्यावर सॅम्पलमधल्या (दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या तुकड्यातल्या) स्नेअर ड्रमची धार बोथट होते, म्हणून मला पहिला मार्ग बरा वाटतो. पण मग दृश्याचं संकलन बदललं, तर आधीचे ठोके कसे सांभाळता? टेम्पो मॅप (कुठे किती टेम्पो ते मांडणारा आराखडा) वापरणाऱ्यांनी कृपया नीट सांगा.